विषय कोणता द्यावा?

आमच्या संतांनी आयुष्य वेचून लोकांस एक गोष्ट पुनःपुन्हा सांगितली, की बाबांनो, विषयांच्या मागे लागू नका. विषयाची गोडी वाईट, विषयाचे चिंतन त्याहून वाईट, आणि विषय सुटल्यावाचून जीवास विश्रांती नाही. पन्नाशी उलटली म्हणजे या उपदेशाची सत्यता आपोआपच पटू लागते, अशी आमची समजूत होती. परंतु गेले तीन आठवडे आम्ही उठता-बसता, जेवता-खाता आणि वर्गात हजेरी घेतानासुद्धा केवळ विषयाचेच चिंतन करीत आहो. आणि तेही स्वतःसाठी नव्हे, तर सात-आठ शेजाऱ्यांसाठी! वाचकांनी भलता तर्क करू नये. आमच्या स्नेह्यांनी आपसांत एक कथास्पर्धा योजिली आहे, आणि तिच्यासाठी विषय काढून देण्याचे काम आमच्या गळ्यात घातले आहे, इतकीच काय ती गोष्ट.

नागपुरात वर्धा रोड सोडून रेल्वेचे रूळ ओलांडले, की मनीषनगर लागते. येथील वस्ती नव्या घरांची आणि जुन्या माणसांची. कोणी नोकरी संपवून येथे स्थिरावलेले, कोणी खेड्यावरची शेती वाट्याने देऊन आलेले. पुष्कळांची मुले पुण्याला, बंगळूरला किंवा त्याहूनही दूर. अशांपैकी आम्ही काहीजण महिन्यातून एका रविवारी सकाळी एकत्र जमतो. एक डॉक्टर आहेत, एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, बँकेत हिशेब सांभाळण्यात हयात गेलेले एक गृहस्थ आहेत, वीजमंडळातून निवृत्त झालेले एक अभियंता आहेत, आणि संगणकावर घरबसल्या परदेशची चाकरी करणारा एक तरुणही आहे. वाचलेल्या पुस्तकांवर बोलावे, तर्री-पोहे खावे आणि उन्हे चढण्यापूर्वी घरी परतावे, असा क्रम. याच बैठकीत एकदा कोणी म्हणाले, की दुसऱ्यांच्या कथांस नावे ठेवण्यात इतकी वर्षे गेली, आता एकेक आपणही लिहून पाहू. बक्षीस म्हणून संत्रा बर्फीचा एक पुडा ठरला, आणि ज्यास तो मिळेल त्याने पुढच्या बैठकीचे पोहे सर्वांस घालावे असेही ठरले. यामुळे जिंकण्याची हाव कोणासही फारशी उरली नाही, आणि स्पर्धा खरोखरीच स्नेहाची झाली. विषय मात्र 'सरांनी' द्यावा, असा एकमुखी ठराव झाला. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्याच्या घरी विषय पोत्याने भरून ठेविलेले असतात, अशी लोकांची समजूत दिसते.

तसे पाहता सूचना पुष्कळ आल्या. पहिली सूचना 'पाऊस' ही होती. ती करणारे बँकेतील गृहस्थ मे महिन्याच्या उकाड्यात बोलत होते, त्यामुळे तिच्यात वाङ्मयापेक्षा देहधर्माचा भाग अधिक होता. दुसरी सूचना 'आई'. हा विषय इतका पवित्र आहे, की त्यावर वाईट लिहिलेल्या कथेस वाईट म्हणण्याची सोय राहत नाही. परीक्षकाने गुण कमी दिले, तर तो मातृद्रोही ठरावयाचा. तिसरी 'एकटेपणा', चौथी 'माणुसकी', पाचवी 'काळ'. या शब्दांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु इतकी वर्षे उत्तरपत्रिका तपासल्यामुळे आम्ही एक पाहिले आहे, की विषयाचा शब्द जितका मोठा, तितका लिहिणाऱ्याचा स्वतःचा शब्द लहान होतो. 'माणुसकी' म्हटले, की चांगला बोलका मनुष्य एकदम व्यासपीठावर चढतो. त्याच्या कथेतील पात्रे एकमेकांशी न बोलता श्रोत्यांशी बोलू लागतात, आणि शेवटी एखादा भिकारी एखाद्या श्रीमंतास धडा शिकवून निघून जातो. तोच गृहस्थ पोहे खाताना आपल्या पहिल्या बदलीच्या गावची हकीकत सांगतो, तेव्हा त्यात माणुसकी हा शब्द एकदाही येत नाही, आणि माणुसकी मात्र पदोपदी असते.

मग उलट टोक गाठावे काय? विषय अगदी बारीक द्यावा, म्हणजे 'रात्री बाराला दार वाजते आणि दारात एक अनोळखी मुलगी उभी असते' असा? संगणकावरील तरुणास हा प्रकार फार पसंत होता. परंतु अशा विषयात निम्मी कथा देणाऱ्याने आधीच लिहून टाकलेली असते. उरलेली निम्मी आठजणांनी लिहिली, तर आठही दारांत तीच मुलगी उभी राहील. संस्कृत पंडितांची समस्यापूर्ती याहून शहाणी होती. तीत श्लोकाचा एक चरण देत, आणि तो पुष्कळदा मुद्दाम असंबद्ध दिसेल असा देत, म्हणजे उरलेल्या तीन चरणांत त्यास अर्थ आणून देण्याची सारी जबाबदारी आणि सारा मान कवीचा राही. देणाऱ्याने आपली हुशारी दाखवावयाची नसून घेणाऱ्याच्या हुशारीस जागा ठेवावयाची, हे त्यातले मर्म आहे.

पूर्वी इतरांनी ही अडचण कशी सोडविली, ते पाहावे म्हणून आम्ही जुनी पुस्तके काढली. पहिले स्मरण अर्थातच बोकाचिओचे झाले. १३४८ साली फ्लॉरेन्स शहरात महामारी आली असता सात स्त्रिया व तीन पुरुष गावाबाहेरच्या वाड्यात जाऊन राहतात, आणि दहा दिवसांत दहाजण मिळून शंभर गोष्टी सांगतात, ही त्याच्या 'डेकॅमेरॉन' ग्रंथाची योजना सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या मंडळींनी विषयाची व्यवस्था किती समंजसपणे लाविली होती, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. रोज एकाने राजा किंवा राणी व्हावयाचे आणि दुसऱ्या दिवसाचा विषय आदल्या दिवशीच सांगून ठेवावयाचा, म्हणजे विचारास वेळ मिळतो. एके दिवशी संकटातून अनपेक्षित सुखात पडलेल्यांच्या गोष्टी, दुसऱ्या एका दिवशी दुःखात शेवट झालेल्या प्रेमाच्या, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यावर उतारा म्हणून सुखात शेवट झालेल्या. दहांपैकी दोन दिवस विषयच नाही. शिवाय दिओनेओ नावाच्या थट्टेखोर तरुणाने पहिल्याच दिवशी सवलत मागून घेतली, की मजवर विषयाचे बंधन असू नये. आणि ती त्यास मिळाली. नियम असावा, नियमास सुट्टी असावी, आणि नियम न पाळणारा एक गडी मंडळीत असावा, हे तिन्ही धडे आम्ही टिपून घेतले.

दुसरे उदाहरण जिनिव्हाच्या सरोवराकाठचे. १८१५ साली तांबोरा नावाचा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या धुळीने पुढील वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही. १८१६ च्या त्या ओल्या, काळोख्या दिवसांत बायरन, शेली, शेलीची भावी पत्नी मेरी आणि बायरनचा वैद्य पोलिडोरी हे दिओदाती नावाच्या बंगल्यात अडकून पडले होते. भुताखेतांच्या गोष्टी वाचता वाचता बायरन म्हणाला, की आपण प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहू. पुढे काय झाले? दोन महाकवींचा उत्साह चार दिवसांत मावळला. बायरनने एक तुकडा लिहून टाकून दिला. त्या तुकड्यावरून पोलिडोरीने आपली पिशाच्चकथा रचिली, ती १८१९ साली छापली गेली. आणि अठरा वर्षांची मेरी, जिला रोज सकाळी 'सुचले का काही?' असे विचारीत आणि जी रोज खाली मान घालून 'नाही' म्हणे, तिने १८१८ साली 'फ्रँकेन्स्टाइन' जगास दिले. विषयाने तिला भूत मागितले होते. तिने मनुष्याने निर्माण करून टाकून दिलेला एक अनाथ जीव दिला. चांगला विषय हा असा मागितल्यापेक्षा निराळे आणि अधिक मिळू देणारा असतो. आणि शर्यतीत मागे बसलेल्याकडे लक्ष ठेवावे, हाही बोध त्यात आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांनी 'कुंतलीन' नावाचे केसांचे तेल काढले होते. १८९६ साली त्यांनी कथांस बक्षिसे लाविली आणि अट घातली, की कथेत आमच्या तेलाचा व अत्तराचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटू नये. यापेक्षा रुक्ष विषय आम्हांस तरी सुचणार नाही. परंतु त्या वर्षीचे बक्षीस जगदीशचंद्र बोस यांच्या कथेस मिळाले. समुद्रात वादळ उठले असता तेलाची बाटली ओतल्याने ते शमले, अशी ती कल्पना. बंगालीतील वैज्ञानिक कथेचा आरंभ पुष्कळजण तेथून मोजतात. पुढे १९०३ साली शरच्चंद्र चट्टोपाध्यायांनी 'मंदिर' ही कथा आपल्या मामाच्या नावाने याच स्पर्धेस धाडली, आणि तीही पहिली आली. तेलाच्या बाटलीतून येवढे निघाले, तेव्हा विषयाच्या हलकेपणाची लाज बाळगण्याचे कारण नाही.

मराठीतही असेच घडले आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथास्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या अपरिचित लेखकाच्या 'कृष्णविवर' कथेस पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी फिरविली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत पत्नीकडून लिहवून घेतली होती. ज्यांची कीर्ती दहा वर्षांपूर्वीच देशभर झाली होती, त्या शास्त्रज्ञाने परीक्षकांसमोर अनामिक होऊन उभे राहावे, ही गोष्ट आम्हांस कथेइतकीच सुंदर वाटते. २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५ साली ते निवर्तले. त्यांच्या कथालेखनाचा उगम एका स्पर्धेच्या विषयात आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे, विषय ठरवून दिल्याने प्रतिभा गुदमरते, हा नेहमीचा आक्षेप फारसा टिकत नाही. आमच्या मंडळींनीही हा आक्षेप काढलाच होता. त्यांस आम्ही म्हणालो, की ओवीस मोजलेले चरण असतात म्हणून जात्यावरच्या बाईस कधी गाणे अडले आहे काय?

मात्र विषयाचा महिमा गाताना एक मर्यादाही सांगितली पाहिजे. १८१७ सालच्या अखेरीस शेली आणि त्याचा मित्र होरेस स्मिथ या दोघांनी एकाच विषयावर सुनीत लिहिण्याची पैज लाविली. विषय एक, वाळवंटात पडलेली भग्न मूर्ती एक, प्रसिद्ध करणारे पत्रही एक. शेलीचे 'ओझिमँडियस' आज जगभर पाठ्यपुस्तकांत आहे. स्मिथचे सुनीत शेलीच्या सुनिताची तळटीप म्हणून जिवंत आहे. तात्पर्य, विषय दार उघडतो, पण आत जाऊन बसावयाचे ते ज्याचे त्यानेच. तथापि पैज झाली नसती, तर शेलीचीही कविता झाली असती की नाही, कोण जाणे! तेव्हा हरलेल्या स्मिथचे आपणावर उपकारच आहेत.

येथवर पोथीतले ज्ञान झाले. खरी अडचण निराळीच होती, आणि ती पुस्तकांनी दाखविली नाही. मागील बैठकीत तरुणाने उत्साहाच्या भरात 'सहजीवन' हा विषय सुचविला. डॉक्टरांनी लागलीच मान डोलाविली, मुख्याध्यापिकाबाई हसून म्हणाल्या, "यावर मी कादंबरीच लिहीन जी!" आणि सारे हसले. कोपऱ्यात बसलेल्या अभियंत्यांनी तेवढी हातातील बशी खाली ठेविली, तिच्याकडे क्षणभर पाहिले आणि खिडकीबाहेर नजर लाविली. त्यांच्या पत्नीस जाऊन अजून वर्ष झालेले नाही. बोलले कोणीच काही नाही. परंतु त्या दिवसापासून आम्हांस कळून चुकले, की विषय देणे हे नुसते वाङ्मयीन काम नव्हे. वर्गात आपण 'माझे वडील' म्हणून निबंध घालतो, आणि ज्याचा बाप गेला आहे तो मुलगा मागच्या बाकावर कोऱ्या कागदाकडे पाहत असतो. अशा विषयाला माणसाने उत्तर दिले, तर त्याची जखम उघडी पडते. न दिले, तर त्याचे मौन उघडे पडते. दोन्हीकडून तो सर्वांच्या डोळ्यांत येतो.

म्हणून आमची पहिली कसोटी अशी ठरली, की विषयास मागचे दार असावे. ज्यास आपले दुःख लिहावयाचे आहे त्यास ते लिहिता यावे, आणि ज्यास ते झाकावयाचे आहे त्यास, कोणाच्या लक्षात न येता, त्याच विषयावर विनोदही लिहिता यावा. दुसरी कसोटी, विषय भाव नसावा, वस्तू असावी. 'विरह' दिला तर विरहच लिहावा लागतो. 'पत्रपेटी' दिली तर विरह, लग्न, चोरी, कोर्टाचे समन्स, काय हवे ते तिच्यात टाकता येते. आमच्या जिल्ह्यातील नरखेडचे वामन चोरघडे लहानशा प्रसंगावर कथा तोलून धरीत. मोठ्या शब्दाचा आधार त्यांस लागत नसे. तिसरी कसोटी, ती वस्तू सर्वांची असावी, पण प्रत्येकाची निराळी असावी. मुख्याध्यापिकाबाईंच्या शेजारी राहणाऱ्या काकू नेहमी म्हणतात, "माझ्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही झालंच नाही बाप्पा." त्यांच्या आयुष्यात जी वस्तू निश्चित आहे, तीच शोधून काढली पाहिजे.

शेवटी आम्ही जो शब्द निवडला, तो 'फाटक'.

मनीषनगरच्या माणसास हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मुंबईहून हावड्यास जाणारा आणि दिल्लीहून चेन्नईस जाणारा असे देशातील दोन मोठे लोहमार्ग नागपूर-वर्धा या टापूत एकच वाट वापरतात, आणि ती वाट अजनी व खापरी यांच्या दरम्यान आमच्या वस्तीस लागून जाते. अर्ध्या हिंदुस्थानची ये-जा आमच्या दारावरून. तेव्हा फाटक उघडे असण्यापेक्षा बंद असण्याचीच सवय आम्हांस अधिक. २०२० साली उड्डाणपूल आणि भुयारी मार्ग खुले झाले, आणि ते थांबणे मागे पडले. परंतु त्यापूर्वी ज्याने येथे घर केले, त्याच्या आयुष्यातील कितीतरी तास त्या दांड्यासमोर उभे राहण्यात गेले आहेत. डॉक्टरांची मोटार, शाळेची रिक्षा, भाजीवाल्याची हातगाडी, वरातीतला घोडा, सारे एका रांगेत. रांगेत पहिला कोण हे हुद्द्यावर ठरत नसे. मालगाडीचे डबे मोजणारी मुले आता परदेशांत मोठमोठे हिशेब मोजीत असतील. काकूंचे 'काही न घडलेले' आयुष्यही त्या फाटकावरूनच रोज बाजारात गेले आणि परत आले.

शिवाय शब्दाच्या पोटात जागा पुष्कळ आहे. फाटक म्हणजे बंगल्याचे, फाटक म्हणजे शेताच्या कुंपणाचे. बँकेतील गृहस्थ तर फाटक आडनावाच्या एखाद्या कारकुनाची कथा लिहून सर्वांस चकविण्याच्या बेतात आहेत, अशी आम्हांस दाट शंका आहे. त्यांस आम्ही दिओनेओची जागा मनातल्या मनात देऊन टाकली आहे. बाकीचे नियम थोडे. कथा दीड हजार शब्दांच्या आत असावी, कागदावर नाव नसावे, ते वेगळ्या पाकिटात द्यावे, अक्षर ओळखू येत असेल तर दुसऱ्याकडून लिहवून घ्यावे, मुदत कोजागरीपर्यंत. वाचन आम्ही करू, निवाडा सर्वांनी करावा, आणि ज्याची कथा मागे पडेल त्याचे पाकीट उघडू नये.

या रविवारी विषय जाहीर केला, तेव्हा थोडी कुजबूज झाली. तरुणास तो जुनाट वाटला, डॉक्टरांस सोपा वाटला, आणि मुख्याध्यापिकाबाईंनी लागलीच पिशवीतून वही काढली. मंडळी उठता उठता अभियंता आमच्याजवळ आले. चपला पायात सरकवीत, आमच्याकडे न पाहताच त्यांनी विचारले, "सर, फाटक बंदच असलं पाहिजे असं काही नाही ना? उघडं असलं तर चालेल?"

आम्ही म्हणालो, "चालेल. तुम्ही लिहा."